मालनबाईंचा अंगठा आणि मी

या, बसा. बोलणारा मी एक लॅपटॉप आहे. लाखांदूरच्या एसटी स्टँडसमोर श्यामरावांचं झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्या काउंटरवर माझी जागा. इथे येणाऱ्याला आधी विचारायची पद्धत आहे, की काम काय. पण आज काम माझंच आहे. तुमच्या गाडीला वेळ असेल तर थोडं ऐकून घ्या.

माझा जन्म कुठल्यातरी दूरच्या कारखान्यात झाला. गावाचं नाव विचाराल तर सांगता येणार नाही, कारण मला जाग आली तेव्हा मी खोक्यात बंद होतो. खोक्यावर मात्र माझी तारीफ छापलेली: नवं रूप, नवी बांधणी, पहिल्यापेक्षा निम्मी जाडी. माझ्या आधीच्या पिढीचे लॅपटॉप अंगाने भरलेले असत. त्यांच्या दोन्ही कुशींना मिळून सात-आठ तोंडं. एकात प्रिंटर, एकात माउस, एकात पेनड्राइव्ह, कोणी उपाशी राहत नसे. मला घडवणाऱ्यांना ती तोंडं कुरूप वाटली असावीत. त्यांनी सगळी बुजवली आणि डाव्या कुशीला दोन बारीक, नखाएवढी फटीसारखी तोंडं ठेवली. आकड्यांचा वेगळा चौकोन असे, तो काढून टाकला. बटणं इतकी चपटी केली, की दाबली की नाही ते बोटाला कळू नये. आणि चालू-बंदचं बटण आधी वर एकटं, मानाने बसायचं. ते आणून खोडायच्या बटणाच्या शेजारी, त्याच रांगेत बसवलं.

हे सगळं कोणाला विचारून केलं, मला माहीत नाही. श्यामरावांना तर नक्कीच विचारलं नव्हतं.

श्यामरावांची शाळा सातवीपर्यंत. वडील धानाची खरेदी करायचे, तराजू घेऊन गावोगाव फिरायचे. गोंदिया वेगळा झाला आणि एका जिल्ह्याचे दोन झाले, त्या दिवसांत लोकांना एकेका कागदाच्या चार-चार नकला लागू लागल्या. कोणता कागद भंडाऱ्यात आणि कोणता गोंदियात, याचाच घोळ. लोक वैतागले. श्यामरावांनी झेरॉक्सचं मशीन घेतलं. "जिल्हा फुटला तेव्हा बाकीच्यायनं तोंड पाडलं, म्या दुकान पाडलं, म्हणजे टाकलं," असं ते अजूनही गिऱ्हाइकाला चहा पाजता पाजता सांगतात. इंग्रजी अक्षरं त्यांनी औषधांच्या खोक्यांवरून शिकली, कॉम्प्युटर चुकत चुकत शिकला. आता लाइट बिल, सातबारा, शाळेचे फॉर्म आणि अंगठा लावायचं मशीन, असा त्यांचा संसार आहे.

मला आणलं त्यांच्या मुलाने, भूपेंद्रने, नागपूरहून. दिवाळी तोंडावर होती. खोकं उघडलं, तेव्हा श्यामरावांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. इकडेतिकडे पाहून विचारलं,

"जुना कोठी हाय?"

"एक्स्चेंजमध्ये देला, बाबा. त्याचं बिजागर तुटलं होतं ना."

"बिजागर तुटलं होतं, डोकं त नाही तुटलं. नवा काटा तोलून पाहिल्याबिगर जुना काटा कोणी विकते का?"

"तुम्ही हातात त घेऊन पाहा, किती हलका हाय."

श्यामरावांनी मला तळहातावर उचललं, वडिलांच्या सवयीने खालीवर केलं. "हलका त हाय," ते म्हणाले, "पण धंद्यात हलक्या मालाचा भाव कधी चढलेला म्या पाह्यला नाही."

माझ्या पहिल्याच दिवशी दुकानात मालनबाई आल्या. जवळच्याच एका खेड्यातल्या, वय पासष्टच्या पुढे, पांढरी स्वच्छ साडी, हातात कापडी पिशवी. त्यांचे पती हिरालाल वरठीला लोखंडाच्या कारखान्यात होते. ते गेले आणि मालनबाईंना पेन्शन सुरू झाली. ही पेन्शन चालू राहायची तर वर्षातून एकदा मशीनवर अंगठा लावून दाखवावं लागतं, की बाई जिवंत आहे. मागच्या वर्षी त्यांचा अंगठा जुळला नाही. भंडाऱ्याला जाऊन दिवसभर रांगेत बसल्या, तिथेही जुळला नाही. पेन्शन बंद पडली.

"भाऊ," त्या दोन्ही हात पुढे करून म्हणाल्या, "तुम्हीच म्हटलं होतं ना, का हात मऊ असतील तेव्हा या. पाहा आता. धान रोवताना चिखलानं पडलेल्या भेगा सगळ्या भरल्या. कापणी लागाच्या पहिले घेऊन टाका माझा अंगठा."

हात खरोखरच बरे झाले होते. श्यामरावांनी खुश होऊन अंगठ्याचं मशीन काढलं. त्याच्या वायरीचं टोक जुन्या चालीचं, रुंद, चपटं. त्यांनी मला डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, मागून पाहिलं, शेवटी उपडं केलं.

"भूपेंद्र, ह्याले तोंडच नाही."

"हायेत ना दोन. पण बारीक हायेत. कनेक्टर लागते, बाबा. मागवतो."

"कधी येते?"

"चार-पाच दिवसांत."

मालनबाई हसल्या. "म्हणजे मी जिती हाव का नाही, हे मले चार-पाच दिवसानं समजन."

सगळे हसले. पण पिशवी उचलताना त्या जे बोलल्या, ते हसण्यासारखं नव्हतं. मुलगा आणि सून पुण्याकडे बांधकामावर. घरी नात खुशबू, यंदा दहावीला. गावातला मुकादम इश्वर दरवर्षी बायकांची टोळी घेऊन तेलंगणात मिरची तोडायला जातो. संक्रांतीच्या सुमाराला निघतात, होळीच्या पुढे येतात. पेन्शन सुरू झाली नाही तर मालनबाईंना त्या टोळीत जावं लागणार होतं, आणि खुशबूला परीक्षेच्या वेळी घरात एकटं राहावं लागणार होतं.

"पोरीनं म्हटलं, आजी, तू फक्त घरी राह्य. बाकी मी पाहून घेईन," मालनबाई म्हणाल्या. "तेवढंच करा भाऊ. घरी राह्यता आलं पाह्यजे."

कनेक्टर चार-पाच दिवसांत आला नाही. कुरिअर भंडाऱ्यापर्यंत येऊन अडकलं, मग दिवाळीची सुट्टी आली. तोवर श्यामराव आणि मी एकमेकांची ओळख करून घेत होतो, आणि ती काही गोड नव्हती. नाव टाइप करताना चुकलं, की ते सवयीने कोपऱ्यातलं बटण दाबत. ते खोडायचं नव्हे, माझं चालू-बंदचं बटण. मी झोपी जायचो. समोर गिऱ्हाईक ताटकळलेलं.

"श्यामराव, तुमचा लॅपटॉप पेंगून राह्यला जी," स्टँडवरचे लोक चिडवायचे. "त्याले चहा पाजा."

यावर उपाय काढला त्यांच्या पत्नीने, जनाबाईंनी. त्यांनी कपाळाची टिकली काढून त्या बटणावर चिकटवली. "बोटाले टिकली लागली का समजून जा, का इकडं आपलं काम नाही," त्या म्हणाल्या. तेव्हापासून मी टिकली लावून बसतो. माझं अंग पातळ, वारा आत जायला वाव नाही, म्हणून तापतो. तर माझ्या चारी कोपऱ्यांखाली औषधाच्या बाटल्यांची चार बुचं ठेवली. घडवणाऱ्यांनी माझ्या रूपावर किती मेहनत घेतली असेल. त्यांनी मला असं बुचांवर, टिकली लावून बसलेलं पाहिलं असतं, तर ओळखलं नसतं.

मग लक्ष्मीपूजन आलं. श्यामरावांकडे त्या संध्याकाळी वडिलांचा तराजू पाटावर मांडायची रीत आहे, आणि त्याच्या शेजारी ज्या वस्तूवर घर चालतं ती. आधी झेरॉक्सच्या मशीनचं झाकण असायचं, पुढे जुना लॅपटॉप. यंदा मी. तेही उघडून ठेवलेला, कारण जनाबाईंचं म्हणणं असं, की मिटलेल्या वस्तूत लक्ष्मी शिरणार कुठून. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या. वर फुलाने पाण्याचे चार थेंब. जुन्या लॅपटॉपने हे सगळं वर्षानुवर्षं अंगावर घेतलं होतं. त्याच्या बटणांखाली ऐसपैस जागा, दुसऱ्या दिवशी उपडा करून झटकला की दाणे खाली पडत. माझ्या चपट्या बटणांखाली एक अक्षत शिरली आणि सातच्या आकड्याखाली रुतून बसली. सात दबेना. आणि डाव्या कुशीच्या दोन तोंडांपैकी एकात कुंकू गेलं, त्यावर पाणी, त्याचा लगदा झाला. भूपेंद्रने तो टाचणीने काढायला घेतला आणि आतली बारीक जीभ वाकली.

"पूजाच केली ना, शेण त नाही टाकलं," जनाबाई कळवळून म्हणाल्या. "ज्याले पूजा सोसत नाही, ते दुकानात कायले आणते?"

 

आता माझी अवस्था ऐका. सातचा आकडा नाही. तर श्यामरावांनी दुकानाच्या जाहिरातीचं पान माझ्यात उघडं ठेवलं. त्यात त्यांचा फोन नंबर, त्यात सात. लागेल तेव्हा तिथला सात उचलायचा आणि इकडे आणून ठेवायचा. मालनबाईंच्या आधार नंबरात तो दोनदा येई, म्हणजे दोनदा शेजाऱ्याकडून साखर आणावी तसं जावं लागे. दुसरी अडचण याहून मोठी. तोंड उरलं एकच. त्यात चार्जर लावा, नाहीतर अंगठ्याचं मशीन लावा, नाहीतर प्रिंटर. खाताना मी काम करू शकत नव्हतो आणि काम करताना खाऊ शकत नव्हतो. आणि लाखांदूरची वीज तुम्हाला मी सांगायला नको.

कनेक्टर आला तेव्हा शेतांतून धानाची कापणी जोरात सुरू होती. मालनबाई दुपारी बांधावरून उठून थेट आल्या. अंगाला धानाचा कुस, हात साबणाने धुतलेले, तरी अंगठा काळा आणि गुळगुळीत. श्यामरावांनी अंगठा मशीनवर ठेवला. लाल दिवा. तर्जनी ठेवली, लाल. एकेक करून दहाही बोटं झाली. खोबरेल तेल लावून पाहिलं, डोक्याच्या केसांवर घासून पाहिलं, लिंबू चोळून पाहिलं.

"मावशी," श्यामराव म्हणाले, "आठ-दहा दिवस विळा धरू नका. रेघा पुसल्या तुमच्या."

"विळा नाही धरला त खाऊ का?"

"दिवाळीच्या पहिले आल्या होत्या तेव्हा हात कसे होते."

"तेव्हा हात होते, तुमच्या मशीनले तोंड नव्हतं. आता तोंड हाय त हात नाही. कोणाचं ऐकू, सांगा."

मी काउंटरवर उघडा होतो आणि माझ्या पडद्यावर लाल अक्षरांत लिहून आलं होतं, की ठसे जुळत नाहीत. एवढंच मला लिहिता येतं. मला हे लिहिता येत नाही, की बाईचा अंगठा जुळला नाही म्हणून पेन्शन थांबली, पेन्शन थांबली म्हणून बाई दुसऱ्याच्या बांधीत धान कापायला गेली, आणि धान कापून कापून अंगठा पुसला.

कापणी संपली. मालनबाई अधूनमधून येत राहिल्या. कधी वीज गेलेली, कधी माझं पोट रिकामं, कधी कनेक्टर सैल. तो कनेक्टर मोठा नाजूक. हवा लागली तरी सरकायचा. श्यामरावांनी त्याला रबर बांधलं, खाली जुनी डायरी ठेवून टेकू दिला.

मग डिसेंबरात एक दुपार अशी आली, की सगळं जमलं. अनामिकेवर हिरवा दिवा लागला. पडद्यावर बरोबरची खूण उमटली. श्यामराव हात जोडून म्हणाले, "झालं मावशी. सुटल्या तुम्ही." स्टँडवर त्यांच्या गावाकडची गाडी लागलीच होती. मालनबाई लगबगीने उठल्या, पिशवी सावरली, आणि काउंटरवरून पदर ओढताना वायर जराशी हलली.

जराशीच. ठसा जुळला होता, पण वर पाठवायचा राहिला होता. कनेक्टर सरकला, मशीन बंद पडलं, आणि माझ्यासमोरचं पान कोरं होऊन पहिल्यापासून सुरू झालं. श्यामरावांनी मान वर केली, तोवर गाडी गेली होती.

त्यांनी दुकान भूपेंद्रवर सोपवलं आणि मोटारसायकल काढून मालनबाईंच्या गावी गेले. तिथे काय झालं ते त्यांनी परत आल्यावर सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या नेहमीच्या गोष्टीसारखी रंगत त्यात नव्हती. ते पोचले तेव्हा मालनबाई मुकादमाच्या घरून परत येत होत्या. इश्वरला सांगून आल्या होत्या, की यंदा माझं नाव काढून टाक, मी येत नाही. खुशबूने शाळेतून आल्यावर चुलीवर चहा ठेवला होता, साखर जास्त टाकून. श्यामरावांनी चहा घेतला आणि मग सांगितलं.

"मंग?" भूपेंद्रने विचारलं.

"मंग का? बाई उठली आणि इश्वरच्या घरी गेली, नाव फिरून लिवाले. म्या ओट्यावर बसून होतो. तो इश्वर तिले म्हणते, 'मावशे, तू त नखरे करून राह्यली. घडीत येतो, घडीत नाही येत. तुझ्या जागी शकुनबाई तयार हाय, पाहून घे.' तिनं पदर पुढं घेतला आणि म्हटलं, 'येतो बापा, आता नक्की येतो. लिव.'"

त्या दिवशी श्यामरावांनी मला लवकर मिटलं.

टोळी निघायच्या दिवशी सकाळी इश्वरची गाडी स्टँडसमोर येऊन थांबली. आत बायका, गाठोडी, पातेली, पाण्याचे कॅन. मालनबाई उतरून दुकानात आल्या. त्या दुपारनंतर त्या फिरकल्या नव्हत्या, म्हणून श्यामरावांनीच निरोप पाठवला होता. त्यांनी मला पहाटेपासून चार्जरला लावून ठेवलं होतं. झेरॉक्सचं मशीन बंद, दुसरं गिऱ्हाईक बाहेर उभं, भूपेंद्र कनेक्टर दोन बोटांनी धरून बसलेला, एखाद्या आजाऱ्याची नाडी धरावी तसा. सात दोनदा आणला. अंगठा ठेवला. कापणी संपून बरेच दिवस झाले होते, अंगठ्याला थोड्या रेघा आल्या होत्या. हिरवा दिवा.

या वेळी कोणी हललं नाही. श्यामरावांनी पाठवायचं बटण दाबलं. मी माझ्या परीने जोर लावला. पडद्यावर नंबर आला, मग त्याच तोंडात प्रिंटरची वायर लावली आणि कागद आला. त्यावर मालनबाईंचं नाव, हिरालालचं नाव, आणि खाली ठळक अक्षरांत, की ही व्यक्ती हयात आहे.

बाहेर इश्वरने हॉर्न वाजवला.

"घ्या मावशी," श्यामराव म्हणाले. "आता जाऊ नका. गाठोडं उतरवा."

मालनबाईंनी कागद दोन्ही हातांत धरला. वाचता येत नव्हतं त्यांना, तरी बराच वेळ पाहिलं.

"मागच्या वेळी बी तुम्ही म्हटलं होतं भाऊ, का झालं."

"तेव्हा कागद निघाला नव्हता. आता निघाला."

"निघाला, तुमचं खरं हाय. पण बँकीत पैसे येतील तेव्हा येतील. आणि नाही आले त? एकदा त्याले नाही म्हटलं, फिरून हो म्हटलं. आता गाडी दारात उभी करून फिरून नाही म्हटलं, त पुढच्या साली मले कोण नेईल?"

"येतील पैसे. मी सांगतो ना."

"तुमच्यावर भरोसा हाय भाऊ." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा बुचांवर, गरम होऊन, उघडा बसलो होतो. "ह्याच्यावर नाही."

त्यांनी कागदाची घडी केली, श्यामरावांच्या हातात दिली. "खुशबूले देजा. आणि तिले सांगजा, का रॉकेल माळ्यावर हाय." आणि त्या गेल्या. गाडीत मागच्या बाजूला जागा मिळाली त्यांना.

पैसे आले. मधल्या महिन्यांचेही आले. फेब्रुवारीत बँकेचा मेसेज खुशबूने दुकानात आणून दाखवला, आणि श्यामरावांनी टोळीतल्या एकीच्या फोनवर फोन लावला.

"मावशी, जमा झाले. सगळे. या आता."

पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता, बायका बोलत होत्या. "चांगलं झालं भाऊ," मालनबाई म्हणाल्या. "पण अर्ध्यातून कशी येऊ? शब्द देला. आणि एकटी एवढ्या दुरून येणार कशी मी? होळी झाल्यावर सगळ्यायसंगच येतो. पोरीचे पेपर कधी लागतात?"

श्यामरावांनी तारीख सांगितली. "बरं," त्या म्हणाल्या. फोन त्यांनी ज्या बाईचा होता तिला परत दिला असावा, कारण पुढे दुसरीच कोणी 'हॅलो, हॅलो' करू लागली.

मी अजून इथेच आहे. सात अजून उसना आणतो, एका तोंडाने जगतो. भूपेंद्र म्हणतो की मला विकून टाकू. श्यामराव म्हणतात, घेणारा मूर्ख आधी शोध. मला त्यांचा राग नाही. ज्यांनी मला घडवलं, त्यांच्यापर्यंत माझं बोलणं पोचत असेल तर एवढीच विनंती आहे: पुढचा आणखी पातळ करा, आणखी हलका करा, तुमची हौस. पण त्याआधी एक दिवस काउंटरच्या पलीकडे येऊन उभे राहा, जिथे मालनबाई उभ्या होत्या. तिथून मी कसा दिसतो ते पाहा. मी 'हो' म्हटल्यावर बाईने गाठोडं खाली उतरवावं, एवढी माझी पत राहू द्या.

काल खुशबू आली होती. उद्या तिचा पहिला पेपर. हॉल तिकिटाची एक प्रत हवी होती.

"घरी कोण हाय तुयासंग?" जनाबाईंनी तिला विचारलं.

"कोणी नाही. दार आतून लावतो, काकू."

जनाबाईंनी तिच्या हातावर दोन पेढे ठेवले. श्यामरावांनी हॉल तिकीट स्कॅन केलं. वीज होती, काही सरकलं नाही, काही अडकलं नाही, पहिल्याच झटक्यात स्वच्छ प्रत निघाली. पोरगी ती पिशवीत ठेवून गाडीकडे गेली.